मेंदूला दुखत नाही, मग डोकं कशानं दुखतं?

मागच्या अंकात मायग्रेनवर लिहिलं आणि शेवटी सहज ‘मेंदूबद्दल अजून काही विचारायचं असेल तर कळवा’ एवढी ओळ टाकली, तर सांगली-मिरजेकडून, तासगाव-पलूसकडून, पार जतकडून एवढे प्रश्न आले की निम्मे मेंदूतल्या गाठीचे आणि उरलेले दुखण्याचे. विषय दोन वाटतात पण उत्तरं लिहायला घेतली की एक दुसऱ्यात शिरतोय, म्हणून ह्या वेळी एकत्रच घेतोय. नावं छापलेली नाहीत, गावं तेवढी ठेवलीत. आणि हे वाचून कुणी आपल्या मनानं गोळ्या चालू किंवा बंद करू नका.

प्रश्न (तासगाव): डॉक्टर, आमच्या मिस्टरांचं गेले तीन-चार महिने डोकं दुखतंय. द्राक्षबाग आहे, फवारणीच्या सीझनला झोप नसते. जवळजवळ रोज मेडिकलमधून गोळी आणून खातात. आमच्या भावकीत एकाला मेंदूत गाठ निघाली, तेव्हापासून घरात सगळ्यांनी धसका घेतलाय. शेजारचे म्हणतात सकाळी उठल्या उठल्या दुखत असेल तर गाठच असते. मुलगा म्हणतोय एमआरआय करूनच टाकू. करावा का?

उत्तर: ताई, आधी एक गोष्ट सांगतो जी ऐकून बहुतेक लोक चकित होतात. मेंदूला स्वतःला दुखतच नाही. त्याच्या पेशींमध्ये दुखण्याची खबर देणारी टोकंच नाहीत. न्यूयॉर्कला रे आणि वुल्फ ह्या दोघा डॉक्टरांनी १९४० मध्ये ऑपरेशन चालू असताना जाग्या असलेल्या ३० पेशंटच्या डोक्यात कुठं दाबल्यावर दुखतं ते बघून लिहून ठेवलं, तर मेंदूचं मांस गप्प आणि त्याच्या बाहेरचं आवरण, मोठ्या रक्तवाहिन्या, कवटीवरची कातडी आणि स्नायू मात्र ओरडणारे. मग गाठीनं डोकं दुखतं ते कसं? तर गाठ त्या आवरणाला किंवा रक्तवाहिनीला ताणते, आजूबाजूला सूज येते, नाहीतर मेंदूतलं पाणी वाहायची वाट अडते आणि आतलं प्रेशर वाढतं. म्हणजे गाठ जिथं कशाला ताणत नाही तिथं ती बऱ्यापैकी मोठी होईपर्यंत अजिबात दुखत नाही. आणि उलट बाजूनं, भयंकर दुखणाऱ्या डोक्यात गाठ नसते असंच जास्त वेळा होतं.

सकाळी दुखण्याचं म्हणाल तर ते पुस्तकात आहे, अगदीच खोटं नाही, आडवं झोपल्यावर आतलं प्रेशर थोडं वाढतं हे खरं. पण १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्याच एका अभ्यासात मेंदूत गाठ असलेले १११ पेशंट तपासले तर त्यातल्या जेमतेम निम्म्यांचं, ४८ टक्क्यांचं, डोकं दुखत होतं, आणि त्या दुखणाऱ्यांमध्ये पुस्तकातलं ‘पहाटे दुखणारं, उलटी होणारं’ डोकं फक्त १७ टक्के लोकांचं होतं. बाकी बहुतेकांचं दुखणं आपल्या रोजच्या टेन्शनच्या डोकेदुखीसारखंच. तेव्हा दुखण्याच्या वेळेवरून किंवा जोरावरून गाठ ओळखायचा नाद सोडा.

मग बघायचं काय, तर दुखण्याच्या जोडीला आणखी काय आहे ते. मोठ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा फिट आली, एका बाजूचा हात-पाय कमजोर पडायला लागला, चालताना झोक जातोय, बोलताना शब्द सापडत नाहीत, एका बाजूचं दिसत नाही किंवा दोन-दोन दिसतंय, स्वभाव एकदम बदललाय, शांत माणूस चिडका झालाय किंवा हिशोबात पक्का माणूस चुका करायला लागलाय, ह्यातलं काही असेल तर थांबू नका. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी आणि आठवड्यागणिक वाढत जाणारी डोकेदुखी, ह्या दोन्हीही दाखवायच्याच. आणि अचानक, क्षणात, आयुष्यात कधी दुखलं नाही एवढं डोकं दुखलं तर ते गाठीचं नाही, रक्तस्रावाचं असू शकतं, तेव्हा सरळ गाडी काढायची.

तुमच्या पत्रातली मला खटकलेली गोष्ट वेगळीच आहे, ती रोजची गोळी. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की ती गोळीच डोकं दुखवायला लागते. गोळी उतरली की दुखतं, दुखलं की गोळी. काउंटरवर मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्या अशा मिश्रच असतात. माझा अंदाज विचाराल तर मिस्टरांचं गाडं इथं अडकलंय, शिवाय झोप नाही आणि बीपी कधी बघितलंय का तेही तुम्ही लिहिलेलं नाही. आधी त्यांना फिजिशियनकडे न्या, बीपी बघू द्या, डोळ्याच्या आतला पडदा बघू द्या, तिथं सूज असेल तर आतलं प्रेशर वाढलंय हे कळतं, हातापायाची ताकद बघू द्या. त्यात काही वावगं निघालं तर एमआरआय लगेच. नाही निघालं तर आधी त्या गोळ्यांचा बंदोबस्त, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

प्रश्न (मिरज): सर, मी बीएस्सीला आहे. एका व्हिडिओत बघितलं की पेशंटच्या मेंदूचं ऑपरेशन चालू आहे आणि तो गिटार वाजवतोय. हे खरं असतं की एडिटिंग?

उत्तर: खरं असतं. २०१७ मध्ये बंगळुरूत एका गिटार वाजवणाऱ्याचं असं ऑपरेशन झालं होतं, ते गाठीचं नव्हतं, वाजवताना बोटं आखडायची त्यासाठी होतं, आणि तो वाजवतोय म्हणूनच डॉक्टरांना कळत होतं की नेमकी जागा सापडली की नाही. (मिरजेच्या मुलीनं गिटारचं विचारावं आणि सतारीचं नको, असो.) गाठीच्या ऑपरेशनमध्ये पेशंटला जागं ठेवतात ते गाठ बोलण्याच्या किंवा हात हलवण्याच्या जागेला चिकटलेली असेल तेव्हा. कातडीला भूल देतात, कवटी उघडताना बऱ्याचदा गुंगीत ठेवतात, मग उठवतात आणि गप्पा मारत, चित्रं दाखवत, मेंदूवर बारीक करंट देत पुढं जातात. करंट दिला आणि पेशंटची बोलती बंद झाली की ती जागा सोडायची.

हे तंत्र मोठं केलं ते मॉन्ट्रियलच्या वाइल्डर पेनफिल्डनं. शरीराचा कुठला भाग मेंदूत कुठं बसलाय त्याचा नकाशा त्यानं १९३७ मध्ये छापला. पण गंमत अशी की एवढ्या पेशंटचे मेंदू टोचून त्याला दुखण्याची जागा म्हणावी अशी सापडलीच नाही. करंट दिल्यावर लोकांना मुंग्या यायच्या, हात हलायचा, जुन्या आठवणी यायच्या, ‘आई गं’ म्हणणारा विरळा. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या लोकांनी हेच परत तपासलं, ४१६० वेळा करंट दिला आणि त्यातल्या ६० वेळाच दुखलं, तेही इन्सुला नावाच्या आत दडलेल्या घडीच्या मागच्या टोकाला आणि तिच्या शेजारच्या पट्टीतच. म्हणजे ज्या अवयवाला स्वतःला दुखत नाही तोच सगळ्या शरीराचं दुखणं तयार करतो, आणि तेही एका बटणावर नाही, बऱ्याच जागा एकत्र चालू झाल्यावर.

प्रश्न (सांगली, विश्रामबाग): मोबाइलमुळे ब्रेन ट्यूमर होतो का? मुलगी दिवसभर कानाला लावून असते.

उत्तर: २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं मोबाइलच्या लहरींना ‘कदाचित’वाल्या २बी गटात टाकलं आणि तेव्हापासून ते फॉरवर्ड फिरतंय. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे, ते कुणी फॉरवर्ड करत नाही. २०२४ मध्ये त्याच संघटनेनं करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूची गाठ ह्यांचा संबंध दिसला नाही. मुलीच्या अभ्यासाची आणि झोपेची काळजी करा.

प्रश्न (जत तालुका): डॉक्टरसाहेब, आमच्या पोराला, वय १९, शेतात फिट आली. सीटी काढला तर मेंदूत बारकी गाठ हाय म्हणाले. एक डॉक्टर म्हणतात टीबीची असंल, दुसरे म्हणतात जंताची. घरात रडारड चाललीय, कॅन्सरच हाय असं सगळ्यांच्या मनात बसलंय. आणि जंत कसा म्हणायचा, आम्ही माळकरी, घरात अंडंसुद्धा येत न्हाई.

उत्तर: दादा, रडारड थांबवा आधी. आपल्या देशात तरुण पोराला पहिली फिट येते आणि सीटीवर एकच बारीक, कडेनं चमकणारी गाठ दिसते तेव्हा ती कॅन्सरची असण्यापेक्षा जंताची किंवा टीबीची असण्याची शक्यता कितीतरी जास्त. पूर्वी अशी गाठ दिसली की सरसकट टीबीची औषधं चालू व्हायची. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी १९९० च्या आसपास अशा गाठी काढून मायक्रोस्कोपखाली बघितल्या तर बहुतेकांत मरत आलेल्या जंताचं पिल्लू निघालं. मग त्यांनी ठोकताळे बांधले, गाठ एकच आहे, २० मिलिमीटरपेक्षा लहान आहे, मेंदूत दाब वाढल्याची खूण नाही, मेंदू एका बाजूला सरकलेला नाही, तर ती जंताची धरून चालायचं आणि काही आठवड्यांनी परत स्कॅन करून ती आटतेय का बघायचं. बऱ्याच गाठी आपोआप आटतात.

आता माळकऱ्याच्या घरात जंत कसा. डुकराचं कच्चं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात पट्टकृमी होतो, मेंदूत नाही. मेंदूत जाणारं असतं ते त्या कृमीचं अंडं, आणि ते येतं ज्याच्या पोटात कृमी आहे त्याच्या संडासातून, उघड्यावर बसल्यावर मातीत, पाण्यात, तिथून मेथी-कोथिंबिरीवर, नाहीतर न धुतलेल्या हातानं जेवण वाढणाऱ्याकडून. म्हणून शुद्ध शाकाहारी माणसालाही हा आजार होतो, तुमच्या माळेचा आणि ह्याचा काही संबंध नाही. फक्त एक करा, जंताची गोळी आपल्या मनानं आणून देऊ नका, मेंदूतला जंत एकदम मेला की भोवती सूज वाढते आणि फिट जोरात येऊ शकतात, म्हणून डॉक्टर आधी सूज उतरवायचं औषध देतात. फिटची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, आणि विहिरीवर, ट्रॅक्टरवर, मोटारसायकलवर पोराला सध्या अजिबात जाऊ द्यायचं नाही.

प्रश्न (कवठेमहांकाळ): वडिलांचा उजवा हात दोन वर्षांपूर्वी कडबाकुट्टीत गेला, मनगटाच्या वर कापावा लागला. जखम कधीच भरली. पण ते म्हणतात बोटं आखडलीत, नखं तळहातात रुततायत, रात्री तर झोप येत नाही. हात नाही तर दुखतंय काय? घरचे आता त्यांना वेड लागलंय म्हणायला लागलेत.

उत्तर: वेड नाही, हे शंभर टक्के खरं दुखणं आहे आणि हात-पाय गेलेल्या बहुतेक लोकांना कमी-जास्त होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात हात-पाय गमावलेल्या सैनिकांना बघून सायलस वेअर मिचेल ह्या डॉक्टरनं १८७१ मध्ये ह्याला भुताचा हात म्हणून नाव दिलं, तेच इंग्रजीत अजून चालू आहे.

पेनफिल्डच्या नकाशाचं वर सांगितलं ना, त्यात हाताची जागा केवढी मोठी आहे, पाठीला जेमतेम तुकडा आणि बोटांना, ओठांना ही एवढी. हात गेला म्हणून ती जागा पुसली जात नाही. बरीच वर्षं असं समजायचे की शेजारचा चेहऱ्याचा भाग त्या रिकाम्या जागेवर अतिक्रमण करतो आणि त्यातून दुखतं. पण २०२५ मध्ये आलेल्या एका अभ्यासात तीन माणसांचा मेंदू हात कापायच्या आधीही स्कॅन केला आणि नंतरही, तर हाताचा नकाशा जागच्या जागी, जवळजवळ तसाच. म्हणजे वडील जेव्हा बोटं आवळली म्हणतात तेव्हा त्यांच्या मेंदूत बोटं खरंच आवळली जातायत, फक्त खालून ‘सुटली’ असं सांगणारं कुणी नाही. त्यात कापलेल्या नसांची टोकं गाठाळतात आणि आपापल्या मर्जीनं सिग्नल सोडतात, ते वेगळंच. मला स्वतःला हे दोन्ही मिळून होतं असं वाटतं, एकाच कारणावर बोट ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही.

उपाय आहेत. मूळचे तमिळ, अमेरिकेत काम करणारे व्ही. एस. रामचंद्रन ह्यांनी नव्वदच्या दशकात एक आरशाची पेटी काढली, साधा आरसा उभा ठेवायचा, शाबूत हात त्याच्यासमोर, आणि आरशात बघत तो हळूहळू उघडायचा-मिटायचा, मेंदूला गेलेला हात उघडलेला दिसतो. ऐकायला जादूटोणा वाटतो, पण २००७ मध्ये अमेरिकेच्या लष्करी हॉस्पिटलात पाय गेलेल्या सैनिकांवर रोज १५ मिनिटं असं महिनाभर केलं तर आरसेवाल्या सगळ्यांचं दुखणं कमी झालं. अभ्यास लहान होता आणि प्रत्येकालाच फरक पडेल असं नाही, पण आरशाला पैसे काय पडतात? फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या. जोडीला नसांच्या दुखण्याची औषधं असतात, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन असली, ती पेन क्लिनिकमधून डॉक्टर ठरवून देतील. साध्या अंगदुखीच्या गोळ्या इथं फारशा चालत नाहीत. आणि कडबाकुट्टीला गार्ड बसवा, अजून बसवलं नसेल तर.

प्रश्न (पलूस): आमचा मिरची कुटायचा डंक आहे. उन्हाळ्यात चटणीच्या सीझनला हात असे पेटतात की बस्स, पण बघायला गेलं तर ना फोड, ना चट्टा. भाजलेलं नसताना भाजल्यासारखं का होतं? पाण्यात हात घातला की तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

उत्तर: ताई, तुमच्या ह्या प्रश्नाचं उत्तर शोधल्याबद्दल एका माणसाला नोबेल मिळालंय! डेव्हिड ज्युलियस, सॅन फ्रान्सिस्को. १९९७ मध्ये त्याच्या लॅबनं आपल्या नसांच्या टोकावरचं एक दार शोधलं, ते ४३ अंशाच्या वरच्या उष्णतेला उघडतं. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं त्याच दाराला चिकटतं आणि ते कोमट तापमानालाच उघडतं. नस वर मेंदूला सांगते ‘भाजलं’, मेंदूला दुसरं काही कळायचा मार्गच नाही. २०२१ चं नोबेल त्याला आणि स्पर्शाची दारं शोधणाऱ्या आर्डेम पटापुटियनला मिळून होतं. पक्ष्यांच्या नसांवरचं हे दार कॅप्सेसिनला दाद देत नाही, म्हणून पोपट मिरची खाऊन परत मिरचीच मागतो.

कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, गार पाण्यानं बरं वाटतं ते गारव्यामुळे. आधी खोबरेल चोळा, मग साबणानं धुवा, आणि तोंड पोळलं तर दूध किंवा ताक. ग्लोव्ह्ज घालून काम केलंत तर सगळ्यात बरं. ह्याच मिरचीचा औषधाला पण उपयोग होतो, नागीण उठून गेल्यावर महिनोन् महिने जी आग राहते तिच्यावर ८ टक्के कॅप्सेसिनचा पॅच डॉक्टर स्वतः लावतात, एवढा डोस मिळाला की ती टोकं काही आठवडे गप्प होतात. घरी डंकातली चटणी लावून बघू नका, असे महाभाग मी बघितलेत.

प्रश्न (विटा): मामांना ग्लायोब्लास्टोमा (मेंदूचा जोरात वाढणारा कॅन्सर), ग्रेड फोर. ऑपरेशन झालं, गाठ पूर्ण काढली म्हणाले, मग रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड. आठ महिन्यांत परत आली. काढली होती तर आली कुठनं? ऑपरेशन नीट झालं नाही का? नवीन संशोधनात काही आहे का, कितीही पैसे लागू देत.

उत्तर: ऑपरेशनला दोष देऊ नका. ही गाठ रानातल्या हराळीसारखी आहे, वरची कितीही उपटली तरी मुळ्या बांधाच्या पलीकडे गेलेल्या असतात. स्कॅनवर दिसते ती गाठ सर्जन पूर्ण काढू शकतो पण तिच्या सुट्या पेशी चांगल्या मेंदूत लांबवर शिरलेल्या असतात आणि त्या कुठल्याच स्कॅनवर दिसत नाहीत. अमेरिकेतल्या वॉल्टर डँडीनं १९२८ मध्ये अशा काही पेशंटचा मेंदूचा अख्खा उजवा अर्धा भाग काढल्याचं लिहिलंय, तरी आजार परत आला. ह्यावरून अंदाज करा.

मामांना दिलेली ट्रीटमेंट जगभर हीच दिली जाते. २००५ मध्ये ५७३ पेशंटवर दाखवलं की नुसत्या रेडिएशनवर मधला पेशंट १२.१ महिने जगायचा, टेमोझोलोमाइडची गोळी जोडल्यावर १४.६. फरक अडीच महिन्यांचा दिसतो, पण दोन वर्षं काढणारे १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले, आणि हा फायदा जास्त करून कुणाला, तर ज्यांच्या गाठीत एमजीएमटी नावाचं जीन बंद पडलेलं असतं त्यांना. हे जीन चालू असलं की ते गोळीनं केलेलं नुकसान दुरुस्त करत बसतं. मामांच्या बायोप्सी रिपोर्टमध्ये एमजीएमटी आणि आयडीएच (हेही एक जीनच) ह्या दोन्ही तपासण्या आहेत का बघा, नसतील तर विचारा, पुढचं बरंच त्यावर ठरतं.

आयडीएच ह्यासाठी की व्होरासिडेनिब नावाची एक गोळी अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झाली आणि त्याच्या बातम्या तुमच्यापर्यंत ‘ब्रेन ट्यूमरवर औषध सापडलं’ अशा आल्या असतील. ती आयडीएच बदललेल्या, ग्रेड दोनच्या, हळू वाढणाऱ्या गाठींसाठी आहे. त्या पेशंटमध्ये गाठ पुन्हा वाढायला लागायचा काळ ११.१ वरून २७.७ महिन्यांवर गेला, चांगलंच आहे. पण २०२१ च्या नव्या वर्गवारीप्रमाणे मोठ्या माणसाच्या गाठीत आयडीएच बदललेलं असेल तर तिला ग्लायोब्लास्टोमा म्हणतच नाहीत, तेव्हा मामांचं निदान बरोबर असेल तर ही गोळी त्यांच्यासाठी नाही. तिच्यामागे लाखो घालू नका.

संशोधनातली मला सगळ्यात मोठी वाटलेली गोष्ट २०१९ ची आहे. जर्मनीत हायडेलबर्गला आणि अमेरिकेत स्टॅनफर्डला, दोघांनी एकाच वेळी दाखवलं की ह्या गाठीच्या पेशी शेजारच्या चांगल्या मज्जापेशींशी चक्क जोडणी करतात, तसलीच जोडणी जी मज्जापेशी आपापसांत करतात, आणि मेंदूचे सिग्नल पिऊन वाढतात. मेंदू जेवढा काम करणार तेवढं तिला खाद्य. त्यामुळे फिटवरचं पेराम्पॅनेल नावाचं जुनं औषध ही जोडणी तोडेल का ह्याच्या चाचण्या निघाल्या. अजून उपचार म्हणून ते कुणी देत नाही, देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ट्रायलमध्ये घालायचंच असेल तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत नोंद आहे का ते तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना बघायला सांगा. आणि ट्रायलचं औषध म्हणून कुणी पैसे मागत असेल तर तिथून उठा.

डोकं दुखण्याचं तुम्ही लिहिलं नाहीत पण ते येईल. सूज उतरवणारं डेक्सामेथासोन चालू केल्यावर एक-दोन दिवसांत एकदम उतार पडतो आणि घरच्यांना वाटतं गाठ विरघळली, तर गाठ तेवढीच असते, भोवतीची सूज उतरलेली असते आणि आवरणावरचा ताण कमी झालेला असतो. बरं वाटलं म्हणून ते औषध घरच्या घरी एकदम बंद करायचं नाही, उतरतं ठेवत बंद करावं लागतं. त्यानंही भागलं नाही तर मॉर्फिन. २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा बदलल्यापासून मान्यताप्राप्त हॉस्पिटलांना ते ठेवणं सोपं झालंय, तरी ‘सवय लागेल’ म्हणून घरचेच नको म्हणतात. मामांच्या बाबतीत सवयीचा विचार करू नका, दुखतंय म्हणाले की मागा, आणि जिथं पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे दुखणं-त्रास कमी करून आराम देण्याचा विभाग आहे अशा ठिकाणी आत्ताच नाव घालून ठेवा.